ओ म्हणजे पोच

एका सेकंदात एक कोटी बेरजा करणारा यंत्रमानव दिवसभरात फक्त दोन श्रवणयंत्रं का पूर्ण करतो?

हा प्रश्न मी विज्ञानाच्या वहीत लिहिला तो बुधवार होता. शनिवारी दुपारी चार वाजता कंपनीचा माणूस येऊन तांब्याला परत घेऊन जाणार होता. म्हणजे उत्तर शोधायला माझ्याकडे तीन दिवस होते, आणि त्यातला बराचसा वेळ शाळाच खाणार होती.

आधी तांब्या कोण ते सांगते. मिरजेत आमचा श्रवणयंत्रांचा कारखाना आहे. ‘कारखाना’ हा शब्द दिगूमामाचा. खरं म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या, एवढाच तो आहे. कमी ऐकू येणाऱ्या माणसांसाठी तिथे श्रवणयंत्रं (आवाज स्पष्ट करून कानात सोडणारी छोटी यंत्रं) तयार होतात. कानात नेमका बसेल असा साचा मामा हाताने कोरतो. आई हिशोब, टपाल आणि गिऱ्हाईक बघते. बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला असतात आणि महिन्यातून चारच दिवस घरी येतात.

साचा झाला की यंत्राची जुळवणी करायची असते. प्रत्येकाचा कान वेगळा. कुणाला चिमणीचा बारीक आवाज ऐकू येत नाही, तर कुणाला ट्रकची घरघर. म्हणून त्या माणसाचा श्रवणालेख (कोणता आवाज किती ऐकू येतो याचा नकाशा) समोर ठेवून यंत्र हळूहळू त्याच्या कानाशी जुळवावं लागतं. हे काम पूर्वी मामाच करायचा. आता त्याचा हात थरथरतो. साचा कसाबसा कोरता येतो, पण बारीक जुळवणी जमत नाही, म्हणून सन २०५८ च्या जानेवारीत आईने एक यंत्रमानव आणला. महिनाभर वापरून बघा, नको असला तर परत करा, अशी कंपनीची अट होती.

त्याचं डोकं गोल, मान निमुळती आणि रंग तांब्याचा. मामाने बघताक्षणी त्याचं बारसं करून टाकलं.

तांब्याला खूप काही येत होतं, पण मीही त्याला तीन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे ‘ळ’ म्हणायला, कारण तो ‘शाला’ आणि ‘फला’ म्हणायचा. दुसरी म्हणजे पत्त्यांतला झब्बू. आणि तिसरी म्हणजे ओ द्यायला. तो आला त्या दिवशी आईने त्याला हाक मारली आणि हा आपला गप्प. मी त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हणाले, “आमच्या घरी हाक मारली की ओ द्यायची असते. आणि नुसती ओ देऊन बसून राहायचं नाही. हातातलं टाकून यायचं.”

“समजलं,” तांब्या म्हणाला, आणि त्याला खरंच समजलं होतं. तीच तर भानगड झाली.

त्या आठवड्यात कर्णबधिर मुलांच्या एका शाळेचं काम आलं होतं. बारा मुलं, म्हणजे चोवीस श्रवणयंत्रं. रविवारी त्या मुलांचं नाटक होतं. नवी यंत्रं घालून ती पहिल्यांदाच एकमेकांचे संवाद ऐकणार होती. आईने शनिवारपर्यंत देण्याचा शब्द दिला होता. सोमवारी दोन झाली, मंगळवारी दोन, बुधवारी दोन. उरली अठरा.

“दादाचा हात धड होता तेव्हा तो एकटा दिवसाला तीन करायचा,” आई बुधवारी संध्याकाळी म्हणाली. “हा एवढा हुशार, आणि दोन. शनिवारपर्यंत चोवीस झाली तर ठेवू. नाही तर जाऊ दे त्याला. इरू, रडू नकोस. मी त्या मुलांना काय सांगू?”

मी रडत नव्हते. थोडीशीच रडत होते.

त्याच संध्याकाळी सांगलीहून मावशीआजी आली. मावशीआजी म्हणजे आईची मावशी, डॉ. कुमुदिनी शिरगुप्पे. तिने तीस वर्षं उपग्रहांच्या संगणकांना काम कसं करायचं ते शिकवलं. आता ती निवृत्त आहे आणि सगळ्या नातेवाइकांच्या घरी जाऊन त्यांना काम कसं करायचं ते शिकवते, असं मामा म्हणतो. अर्थात ती नसताना. मी तिला वहीतला प्रश्न दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

“प्रश्न चांगला आहे,” ती म्हणाली. “उद्या एक पाटी दे मला. आणि तुझी खुर्ची.”

गुरुवारी मी शाळेतून आले तेव्हा मावशीआजी कारखान्याच्या कोपऱ्यात बसलेली होती आणि पाटी रेघांनी भरत आली होती. ती कुणाशी बोलत नव्हती. कुणी तांब्याला हाक मारली की एक रेघ ओढायची, एवढंच चाललं होतं. संध्याकाळी सहाला तिने आम्हा सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशीही दोनच यंत्रं झाली होती. उरली सोळा.

“कोडं सोडवायच्या आधी एक खेळ,” ती म्हणाली. “इरू, एक ते दहा म्हण.”

मी म्हटलं. तिने घड्याळ बघितलं. तीन सेकंद.

“आता क ते ञ.”

क ख ग घ ङ, च छ ज झ ञ. चार सेकंद.

“दोन्ही मिळून सात. आता दोन्ही एकदम कर. एक क, दोन ख, तीन ग, असं.”

हे काय अवघड आहे, असं मला वाटलं. “एक क, दोन ख, तीन ग, चार घ, पाच...” पाच काय? मी मनात परत क पासून सुरुवात केली. ‘ङ’ सापडला तोवर पाच झालं होतं की सहा, तेच आठवेना. शेवटी पोचले तेव्हा चोवीस सेकंद झाले होते, आणि मध्ये ‘झ’ राहूनच गेला होता. मामा हसला, म्हणून त्यालाही करायला लावलं. त्याला एकतीस लागले.

“वीसच गोष्टी म्हणायच्या होत्या. त्याच, तेवढ्याच,” मावशीआजी म्हणाली. “मग वरचा वेळ गेला कुठे?”

“शोधण्यात,” मी म्हणाले. “आकड्यावरून अक्षरावर गेलं की आधीचं सुटतं. परत शोधावं लागतं.”

“बरोबर. मेघना,” ती आईकडे वळून म्हणाली, “तू ओट्यावर पोळ्या करतेस. पीठ, पोळपाट, लाटणं, तेलाची वाटी, सगळं मांडलेलं. तेवढ्यात कुणी म्हणालं की सगळं उचल आणि इथे इस्त्री कर. इस्त्री झाली की परत पोळ्यांचं मांड. एक पोळी झाली की परत इस्त्री. कपडे आणि पोळ्या तेवढेच, पण दिवस संपेल मांडामांडीत. डोक्यातही असा एक ओटा असतो. त्याला कार्यस्मृती म्हणतात (चालू कामापुरतं सामान डोक्यात धरून ठेवायची जागा). ती फार लहान असते. एक काम उचलून दुसरं मांडण्याला म्हणायचं संदर्भबदल. तो फुकट होत नाही.”

मग ती तांब्याकडे वळली. “तांब्या, एका कानाचं काम मांडायला तुला किती वेळ लागतो?”

“श्रवणालेख आणायचा, साच्याचा आकार तपासायचा, खोलीतला आवाज मोजून वजा करायचा,” तांब्या म्हणाला. “सहा मिनिटं. त्यानंतर जुळवणी पंचेचाळीस मिनिटं.”

“आणि मध्ये हाक आली तर?”

“ओ देतो. हातातलं टाकतो. सगळं जागच्या जागी ठेवतो आणि येतो. परत गेलो की पुन्हा मांडतो. पुन्हा सहा मिनिटं.”

मावशीआजीने पाटी उलट करून दाखवली. “आज त्रेसष्ट हाका झाल्या. त्रेसष्ट गुणिले सहा किती?”

“तीनशे अठ्ठ्याहत्तर,” तांब्या लगेच म्हणाला. हे असलं करायला त्याला सेकंदही लागत नाही, हे सांगायला नकोच.

“दिवसाचे नऊ तास म्हणजे पाचशे चाळीस मिनिटं. त्यातली तीनशे अठ्ठ्याहत्तर पुन्हा मांडण्यात गेली. प्रत्येक हाकेचं एक मिनिट धरलं तर आणखी त्रेसष्ट. उरली नव्व्याण्णव. एका यंत्राला पंचेचाळीस. म्हणजे किती यंत्रं होतील, इरू?”

दोन. नऊ मिनिटं शिल्लक. माझ्या वहीतलं कोडं सुटलं होतं, आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

“यात मामाच्या हाका चोवीस,” मावशीआजी वाचू लागली. “त्यातल्या पाच चष्मा कुठे आहे यासाठी. मेघनाच्या एकवीस. आणि इरूच्या अठरा. ती तर साडेतीनला आली शाळेतून.”

“अठरा?” आई माझ्याकडे बघू लागली.

“पण ताई, चूक इरूची नाही,” तांब्या म्हणाला. “इरूने मला बरोबर शिकवलं होतं. हाक मारली की हातातलं टाकून यायचं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तांब्याला घालवायला निघाले होते ते माझ्यामुळे, आणि तो बिचारा मलाच सांभाळून घेत होता. आता मी खरंच रडले.

“तुला कुणी शिकवलं गं ते?” मावशीआजीने विचारलं. मी आईकडे बोट दाखवलं. आईने मामाकडे दाखवलं. मामाने भिंतीवरच्या आजीच्या तसबिरीकडे दाखवलं. आजीने कुणाकडे दाखवलं असतं ते आता कळायचं नाही.

“दिगू,” मावशीआजी म्हणाली, “तू तर माणूस. तुझी दिवसाला तीन कशी व्हायची?”

मामाच्याही कानात यंत्र आहे. लहानपणापासून त्याला कमी ऐकू येतं. त्याने खणातून पितळेची एक छोटी डबी काढून टेबलावर ठेवली. “कामाला बसताना यंत्र काढून हिच्यात ठेवायचो. मग मारा की किती हाका मारायच्या त्या.”

“दादा,” आई म्हणाली, “म्हणजे मी घसा फोडून ओरडायचे तेव्हा...”

“डबीत,” मामा म्हणाला. आई हसावं की चिडावं या विचारात होती, पण मामा हसत नव्हता. “एकदा आपली आई न्हाणीत घसरून पडली. पंधरा मिनिटं हाका मारत होती, मेघा. मी इथे दहा पावलांवर होतो. तिचा हात मोडला. तेव्हापासून यंत्र कधी काढलं नाही. काम कमी झालं तरी चालेल म्हटलं.”

मावशीआजीने मामाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

“कान बंद करणं हे उत्तर नाही, हे तुला कळलं,” ती मग म्हणाली. “आणि प्रत्येक हाकेला धावणं हेही नाही, हे आज आपल्याला कळलं. आमच्या उपग्रहाला शंभर ठिकाणांहून हाका यायच्या. एक यंत्र म्हणायचं, फोटो तयार आहे. दुसरं म्हणायचं, बॅटरी तापली. अशा मध्येच येणाऱ्या हाकेला आम्ही व्यत्यय म्हणतो. संगणक काय करायचा? आधी पोच द्यायचा. पोच म्हणजे ‘तुझा निरोप मिळाला’ एवढंच. मग तो निरोप रांगेत लावायचा, चालू काम एका बऱ्या टप्प्यावर आणायचा, आणि मग रांग बघायचा. हातातलं टाकून धावायचं ते दोन-तीन हाकांनाच. आग, गळती, असल्या. त्या कोणत्या, हे आम्ही आधीच बसून ठरवलेलं असायचं.”

“म्हणजे ओ ही पोच आहे,” तांब्या म्हणाला. त्याच्या डोळ्यांतले दिवे भराभर लुकलुकले. “ओ म्हणजे ‘ऐकलं’. ओ म्हणजे ‘उठलो’ नव्हे.”

“शाबास. ओ द्यायची आणि सोबत वेळ सांगायची. हाक मारणाऱ्याला एवढंच हवं असतं. आपण ऐकू गेलो, आणि आपली पाळी कधी.”

असं ठरलं की हातातलं टाकून यायचं ते कुणी पडलं, कापलं, भाजलं किंवा काही जळत असलं तरच. बाकीचं पाटीवर लिहायचं. अकराला आणि चारला तांब्या सगळी पाटी एकदम हातावेगळी करणार. आणि सकाळी पाटीच्या डोक्यावर दिवसाचं एकच मुख्य काम लिहायचं. ते मात्र माणसांनी ठरवायचं. आईने अकरा कामं सांगितली.

“यातलं एकच झालं आणि दहा राहिली,” मावशीआजीने विचारलं, “तर कोणतं झालेलं तुला चालेल?”

आईने जरा वेळ विचार केला आणि ‘मुलांची यंत्रं’ असं लिहिलं.

शुक्रवारी घरात विचित्र शांतता होती. “स्वतःच्या घरात हाक मारायची चोरी,” मामा कुरकुरला. आई तीनदा ‘तांब्या’ म्हणून गेली आणि तीनदा तिने जीभ चावली. पण अकरा वाजता तांब्या पाटी वाचायला गेला, तेव्हा निम्म्या ओळी आधीच पुसलेल्या होत्या. ‘चष्मा कुठे’ याच्यापुढे मामाने स्वतःच लिहिलं होतं, ‘सापडला. कपाळावर होता.’ थोडं थांबलं की काही हाका आपोआप विरतात, हे माझ्या वहीत नवीन वाक्य.

शुक्रवारी आठ यंत्रं झाली. मी पुन्हा मोजली. आठच. उरली आठ.

शनिवारी मला सुट्टी होती. मी हिशोब करून ठेवला होता. सकाळी आठला सुरुवात, एकेक यंत्र एक्कावन्न मिनिटांचं, म्हणजे तीनच्या आत काम व्हायला हवं. सगळं नीट चाललं होतं. साडेबारा वाजता मामाच्या हातातली कोरणी सटकली आणि अंगठ्यात घुसली. तो ओरडला नाही. नुसता “आई गं” म्हणाला, तेही हळूच. ती काही तांब्याला मारलेली हाक नव्हती. पण पलीकडच्या खोलीत सामान खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि तांब्या दारात उभा राहिला. त्याने अंगठा धुतला, दाबून धरला, पट्टी बांधली, रक्त पूर्ण थांबेपर्यंत हलला नाही.

“जा की आता, वेळ जातोय तुझा,” मामा म्हणाला.

“हा वेळ जायलाच ठेवला होता,” तांब्या म्हणाला. मामाने तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं.

त्यात पाऊण तास गेला, आणि अकराच्या पाटीत आधीच वीसेक मिनिटं गेली होती. चारला दहा कमी असताना कंपनीचा माणूस दारात आला. तेवीस यंत्रं डब्यात होती. यंत्रं न्यायला त्या मुलांच्या शाळेच्या बाईही येऊन बसल्या होत्या.

“तांब्या,” आईने हाक मारली. सवयीने, पूर्वीच्याच सुरात.

“ओ,” आतून उत्तर आलं. “अकरा मिनिटं, ताई.”

कंपनीचा माणूस चकित झाला. “हाक मारल्यावर आला नाही? आमची यंत्रं असं करत नाहीत. बिघाड दिसतोय. मी घेऊन जातो त्याला.”

मी दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिले. पण माझ्या आधी आईच बोलली.

“बिघाड गुरुवारपर्यंत होता,” ती म्हणाली, “आणि तो त्याच्यात नव्हता. तुम्ही बसा. चहा घेणार का? अकरा मिनिटं आहेत आपल्याकडे.”

ती अकरा मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढली. चार वाजून एक मिनिटाने तांब्या बाहेर आला. त्याच्या तळहातावर चोविसावं यंत्र होतं. बाईंनी ते डब्यात ठेवलं आणि डबा छातीशी धरला. कंपनीच्या माणसाने कागद पुढे केला, आणि आईने ‘ठेवून घेत आहोत’ याच्यापुढे खूण केली. मी तांब्याला एवढी घट्ट मिठी मारली की त्याच्या मानेत कट्ट असा आवाज आला.

ते लोक गेल्यावर तांब्या पाटीकडे वळला. ती वाचून झाल्यावर त्याने विचारलं, “इरू, दोन दिवसांत पाटीवर तुझं काहीच नाही. गुरुवारी तर अठरा हाका होत्या.”

“माझं काही काम नसतं,” मी म्हणाले.

“त्या अठरा हाकांत काय होतं रे?” मावशीआजीने विचारलं.

“अठराच्या अठरा वेळा एकच,” तांब्या म्हणाला. “‘बघ ना.’ चित्र बघ ना. दात हलतोय, बघ ना. आधी ती ताईंना म्हणते. ताई ‘एक मिनिट हं’ म्हणतात. मग ती मला हाक मारते.”

मला कुठेतरी लपावंसं वाटलं. तांब्याने खडू घेतला आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘सहा ते साडेसहा : इरू. या वेळेत उठायचं फक्त पडल्या-कापल्याला.’ त्याने ‘वेळेत’ मधला ळ छान वळणदार काढला होता.

आई पाटीसमोर उभी राहून ते वाचत होती. बराच वेळ वाचत होती. मग तिने खडू घेऊन ‘इरू’च्या पुढे ‘आणि आई’ असं लिहिलं. टेबलावरून मामाची पितळी डबी उचलली. तिचा फोन हल्लीच्या फोनसारखाच बिल्ल्याएवढा, त्यामुळे तो डबीत बरोबर मावला. झाकण लावून तिने डबी मामाच्या हातात दिली.

“पोच मी देईन,” मामा म्हणाला आणि कानातलं यंत्र नीट बसवून दारापाशी खुर्ची टाकून बसला.

सहा वाजले. आई माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. तिच्या हातात काहीच नव्हतं. “दाखव,” ती म्हणाली.

मी एकेक गोष्ट काढायला लागले. चौथी चालू असतानाच साडेसहा झाले. उरलेल्या चौदा रांगेत आहेत, आणि आईने त्यांची पोच दिली आहे.